डाव्या बाजूची दुसरी जागा

मच्छे,
१८ नोव्हेंबर २०२३

ती. सोनाआत्यांना रूपालीचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. मी वेळकोनच्या तांडेलांची मुलगी, आता मच्छ्याची. सरकारी प्रकल्पासाठी आपलं गाव उठलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळे समुद्र मला आठवतो तो दुसऱ्यांच्या तोंडून. तुमचा पत्ता आईनं दिला. निपाणीत आपल्या लांबच्या नात्यातली एक आत्या असते, ती शिमग्याची बायकांची गाणी म्हणायची, एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. फोन नंबर विचारला तर म्हणाली, "तिला ऐकू येत न्हाय आता, असं कळलंय. लिही तिला. शाळा शिकलीया ती." आणि मागून म्हणाली, "आप्पांना सांगू नको." का सांगायचं नाही ते विचारलं, तोवर तव्यावरची भाकरी करपली होती आणि तो विषय तिथंच राहिला.

काम सांगते. आपला होडीचा नाच आम्ही इथं अजून करतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, शिकवतात, मी पोरं गोळा करते. कारखान्यांच्या मागं मोकळी जागा आहे, तिथं शिमग्याला होळी पेटते आणि तिच्यासमोर सगळे होडीत बसतात तसे उभे राहतात. मागे सुकाणूवर आप्पा, दोन्ही बाजूंना वल्हेकरी, अगदी पुढच्या टोकाला, नाळीवर, पाण्यावर नजर ठेवणारा. आप्पा एकेका जागेवरच्या माणसाचं नाव पुकारतात, तो "हाय" म्हणतो, मग होडी चालते. निम्मी पोरं आपल्या लोकांची, निम्मी इथली. साईराज तर येळ्ळूरच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं मासा ताटाबाहेर पाहिलेला नाही, पण वल्हं सगळ्यांत झोकात तोच मारतो.

जानेवारीत बेळगावात लोककलांचा महोत्सव आहे. आमचं नाव दिलंय. तिथं विचारलं, नाच कुठल्या भाषेतला? मी म्हणाले मराठी. कारकून म्हणाला, कारवारकडचा म्हणजे कोंकणी की. त्याचे साहेब म्हणाले, कार्यक्रम कर्नाटकातला, कन्नड म्हणा. गल्लीतली मंडळी म्हणाली, मराठी सोडून दुसरं काही सांगितलंस तर बघ. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "होडीला भाषा कुठली गं? वारा बघायचा आन् चालायचं." आता हे त्या साहेबांना कसं सांगू?

आप्पांना पुरुषांचं सगळं येतं. पण किनाऱ्यावरून बायका जे गाणं म्हणायच्या, होडीतल्या प्रत्येक जागेची एक ओळ असलेलं, ते इथं एकीलाही धड येत नाही. तुम्हाला आठवत असेल तर लिहून पाठवाल का?

तुमची,
रूपाली


निपाणी,
३० नोव्हेंबर २०२३

चि. रूपालीस आशीर्वाद.

तुझं पत्र मल्लाप्पांनी आणून हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मल्लाप्पा म्हणजे माझ्या घरचे. तंबाखूच्या वखारीत काम करायचे, मी तिथंच विड्या वळायला होते. आमच्याकडे वीजबिलाशिवाय कागद येत नाही, त्यामुळे त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, आलंय.

तुझ्या आईला, मंगलला, माझा पत्ता माहीत आहे हे मला नवीन. तिला सांग, सोना बरी आहे. कान गेले, पण त्यात तोटा कमी, फायदा जास्त. शेजारणीची भांडणं आता नुसती बघायला मिळतात.

आत्या म्हणालीस. म्हण.

तुम्ही नाच करता हे वाचून मी चूल विझवून बसले. मला वाटत होतं, तो वेळकोनच्या वाळूतच राहिला. तिथली घरं राहिली नाहीत, नारळ राहिले नाहीत, होड्या मिळेल त्याला देऊन टाकल्या, आणि नाच मच्छ्याला? नाव मच्छे आणि मासा आठवडाबाजारातून. तुझे आप्पा सुकाणूवर उभे राहून समोर काय बघतात, कारखान्याची भिंत?

गाणं लिहिते. बायका दोन ओळींत उभ्या राहतात. एक ओळ विचारते, दुसरी सांगते.

नाळीवर कोण गं, नाळीवर कोण?
पाण्यातला खडक हेरणारा त्यो.
सुकाणूला कोण गं, सुकाणूला कोण?
वाऱ्याला वेसण घालणारा त्यो.

अशा बाकीच्या जागांच्या ओळी वेगळ्या कागदावर दिल्यात. चाल लिहिता येत नाही. लाट आली की आवाज वर, गेली की खाली, एवढं धर. लाट पाहिली नसशील तर मंगलला सूप पाखडायला सांग आणि ते बघ.

मल्लाप्पा विचारतात, समुद्र खरंच खारट असतो का? इतक्या वर्षांत शंभरदा विचारून झालंय.

सोनाबाई


मच्छे,
१४ डिसेंबर २०२३

ती. आत्या,

तुमचं गाणं घेऊन मी घरभर नाचले. आईनं सूप पाखडलं नाही. कागद मात्र दोनदा मागून घेतला आणि कोपऱ्यात बसून हळू आवाजात म्हणत राहिली. तिला चाल येते. इतकी वर्षं कधी बोलली नाही.

आता खरी गंमत सांगते. ओळी एकेका जागेला लावून बघितल्या, तर एक ओळ कमी. डाव्या बाजूची, नाळीपासून दुसरी जागा. आधी वाटलं तुम्ही विसरलात. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. आत्या, आमच्या नाचात नेमकी हीच जागा रिकामी असते. मी लहानपणापासून बघते आहे. तिथं कुणी उभं राहत नाही. आप्पा नावं पुकारताना तिथवर येतात, एक श्वास घेतात आणि पुढच्याचं नाव घेतात. आम्हा मुलांना सांगितलं जायचं की तिथं दर्या उभा असतो, त्याला धक्का द्यायचा नाही. सगळी पोरं इतकी सांभाळून वल्हं मारतात की त्या रिकाम्या जागेला कुणाचं वल्हं लागत नाही.

महोत्सवाचे लोक मागं लागले होते, एखादा पोरगा उभा करा म्हणून. ते म्हणाले, एक गैरहजर आहे असं दिसतं.  आता माझ्याकडं उत्तर आहे. गाण्यातही ती ओळ नाही, म्हणजे ही जागा पहिल्यापासूनच रिकामी. बायकांनी गायली नाही, पुरुषांनी भरली नाही. निवेदनात मी घातलंय, "ही मोकळी जागा म्हणजे आम्हाला सोडावं लागलेलं आमचं गाव." बरं आहे ना?

तुम्ही हो म्हणालात की मी निर्धास्त.

रूपाली


मच्छे,
२२ जानेवारी २०२४

ती. आत्या,

महिना होऊन गेला, तुमचं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? पत्र मिळालं की नाही तेही कळेना.

महोत्सव झाला. आमच्या आधी लेझीम होतं, नंतर डोळ्यांचं पारणं फेडणारं ढोलपथक, त्यामुळे आमच्याकडं कुणी बघेल असं वाटलं नव्हतं. पण निवेदकानं ती ओळ म्हटली, पोरं उभी राहिली, आणि सगळी माणसं त्या रिकाम्या जागेकडंच बघायला लागली. कार्यक्रम संपल्यावर एक बाई मला मिठी मारून रडल्या. त्यांचं गाव धरणात गेलंय. पेपरात फोटो आला, कात्रण सोबत पाठवते. आता एप्रिलअखेर बेंगळुरूला बोलावलंय. म्हणाले, ती रिकामी जागा हवीच, तोच तुमच्या नाचाचा प्राण आहे.

आप्पांना मात्र ते पटलं नाही. निवेदन ऐकून स्टेजच्या मागं मला एवढंच म्हणाले, "गाव न्हवं गं ते." मग काय, विचारलं तर सुकाणूची काठी पुसत बसले.

माझ्या लिहिण्यात तुम्हाला काही लागलं असेल तर स्पष्ट सांगा. मला खरंच काही कळेनासं झालंय.

रूपाली


निपाणी,
२ फेब्रुवारी २०२४

चि. रूपाली,

तुझं डिसेंबरातलं पत्र उशाशी आहे. उत्तराला रोज बसायची आणि उठायची. मल्लाप्पांनी शेवटी पेन माझ्या हातात कोंबलं आणि स्वतः चहा करायला गेले. चहा अगदी पाणचट झालाय.

मी तुझी आत्या नाही. तुझ्या आप्पांचे धाकटे भाऊ नागेंद्र, त्यांची मी बायको. तुझी काकी. नाव लिहिलं, घेतलं नाही, तेव्हा चालतं.

ती जागा त्यांची आहे. डावीकडची दुसरी. तिथं दर्या नाही, गाव नाही, काही नाही. तिथं एक माणूस उभा राहायचा, त्याला वाटाण्याची उसळ आवडायची आणि तो नाचताना मुद्दाम चुकायचा, मी किनाऱ्यावरून हसावं म्हणून.

गाव उठायचं त्या वर्षी, पावसाळ्याआधी, ते दुसऱ्याच्या ट्रॉलरवर मजुरीला गेले. ट्रॉलर आला नाही. फळकूट मिळालं नाही, कपडा मिळाला नाही. आता आपली रीत ऐक, कारण तुला ती कुणी सांगितलेली दिसत नाही. होडीतला माणूस दर्यात राहिला तर येत्या शिमग्याला त्याची जागा मोकळी ठेवतात. का, तर आला तर त्याला जागा हवी. त्याच्या पुढच्या शिमग्याला त्याची बायको घराच्या उंबऱ्यात उभी राहून त्याचं वल्हं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देते. कुणाच्या, ते तिनं ठरवायचं. तो माणूस नाचात त्या जागेवर उभा राहतो, सुकाणूवरचा तांडेल गेलेल्याचं नाव पुकारतो, आणि हा "हाय" म्हणतो. तेवढ्या एका नाचापुरता. मग सगळ्यांनी मान्य केलं की माणूस गेला. सुतक तिथून. तोवर तो गेला असं कुणी म्हणायचं नाही, बायकोनं तर नाहीच.

माझ्या पुढच्या शिमग्याला उंबरा कुठं होता? गाव मोडून माणसं चार दिशांना गेली. तुझ्या आप्पांना मच्छ्याला काम मिळालं. मी म्हटलं, मीही येते. ते म्हणाले, "तू हितंच थांब, नागेंद्र आला तर चुकामूक नको." कुठं थांबू? पडक्या घरांत? मी बायकांच्या एका टोळीबरोबर निपाणीला आले, विड्या वळल्या, जगले. पुढं मल्लाप्पा भेटले.

मला वाटायचं, तुम्ही ती जागा केव्हाच भरली असेल. नाचच राहिला नाही असंही वाटायचं. आणि तिकडं तुझे आप्पा धरून बसले असतील की सोनानं वल्हं दिलेलं नाही, म्हणजे ती अजून वाट बघतेय. दोघांनी एकमेकांना एका शब्दानं विचारलं नाही. यात चूक कोणाची ते मी ठरवणार नाही, आणि माझी होती असं तर मुळीच म्हणणार नाही.

गाण्यातली ओळ मी गाळली. मला ती लिहवेना, एवढंच. आणि तू त्या गाळण्याचाच पुरावा केलास. शहाणी आहेस की येडी, माझं अजून ठरत नाही.

कात्रण मिळालं. फोटो बघितला. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंची पोरं कशी अंग चोरून उभी आहेत. मी फोटो पालथा घालून ठेवला.

तुझी काकी,
सोना


मच्छे,
११ फेब्रुवारी २०२४

ती. काकी,

'काकी' लिहायची सवय नाही, पण आता आत्या कसं म्हणू?

तुमचं पत्र घेऊन मी आईकडं गेले. ती म्हणाली, "खरं हाय सगळं." मग म्हणाली, "लोक म्हणले, सोना दुसऱ्याच्या घरात गेली. आप्पा म्हणले, आमच्या घरात तिचं नाव नको. पण जागा भर म्हटलं की अंगावर यायचे." एकीकडं तुमचं नाव नको, दुसरीकडं तुमच्या हातून वल्हं आल्याशिवाय जागा भरायची नाही. मी म्हटलं, आई, हे काय आहे? ती म्हणाली, "मला ठावं न्हाय बाई. मी नुसती भाकरी करून घातली."

आप्पांना अजून काही विचारलेलं नाही. धीर होत नाही.

काकी, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी तुमचा रागही आला. ही जागा बघत मी मोठी झाले. ज्यांनी कधी समुद्र बघितला नाही अशा पोरांना मी शिकवलंय की इथं कुणीतरी आहे, जपून. साईराज जेवायच्या पंगतीतसुद्धा डावीकडं जागा सोडून बसतो, त्याची आई मला ओरडते. बेंगळुरूचे लोक त्या जागेसाठी बोलावतायत. तुम्ही म्हणता, ती नाचातली नाहीच. मग मी इतकी वर्षं काय जपलं?

एकदा वाटतं, रीत जपायची तर जागा भरायला हवी. मग वाटतं, भरली तर जो नाच मला माहीत आहे तो राहणारच नाही. दोन्ही खरंच वाटतं. आणि एक विचारू का? आप्पा श्वास घेऊन थांबतात, ते काका अजून कुठंतरी असतील असं त्यांना वाटतं म्हणून का? तसं असेल का खरंच? फळकूटही मिळालं नाही म्हणालात.

एप्रिल होईपर्यंत तरी ती जागा राहू द्या. मग तुम्ही म्हणाल तसं.

रूपाली


निपाणी,
२३ फेब्रुवारी २०२४

चि. रूपाली,

एप्रिलपर्यंत जागा राहू दे म्हणतेस. नाच म्हणजे बरणीतलं लोणचं नव्हे पोरी, की झाकण लावून ठेवलं आणि पाहुणे आले की काढलं. तुझं काय जायचं आहे? एक कार्यक्रम. माझं काय अडकलंय ते लिहिते, मग तूच बघ.

मल्लाप्पांशी माझं लग्न झालेलं नाही. गेली वीसबावीस वर्षं आम्ही एका घरात आहोत, त्यांच्या आजारपणात मी आणि माझ्यात ते, पण लग्न नाही. दुसरं लग्न करायचं तर पहिला माणूस गेलेला हवा. तो गेला असं कुणी म्हटलंच नाही, मी कोणत्या तोंडानं म्हणू? मल्लाप्पांच्या घरच्या लग्नकार्यांत माझी ओटी भरत नाहीत आणि विधवा म्हणून बाजूलाही बसवत नाहीत. कुठं बसवायचं तेच त्यांना कळत नाही, म्हणून बोलावतच नाहीत. कुंकू लावते. कुणाच्या नावाचं, हे मला एकदा मल्लाप्पांच्या पुतणीनं विचारलं. पोर लहान होती, सहज विचारलं तिनं. मी दुकानात जाऊन येते म्हणून सांगितलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

मल्लाप्पांना दिवाळीत छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, जपा. उद्या त्यांचं काही झालं तर मी त्यांची कोण? मला त्यांची बायको व्हायचंय, त्यांना दिसत असताना, कळत असताना. माझी एवढीच मागणी आहे.

तुझे काका कुठं असतील का, असं विचारलंस. मीही विचारायची. एस. टी. स्टँडवर दाढीवाला माणूस दिसला की मागं मागं जायची. मल्लाप्पा माझ्या मागं यायचे, पिशवी धरून. आता मी मागं जात नाही. ते असते तर आले असते. मुद्दाम चुकणारा माणूस होता, पण इतका नव्हे.

तर ऐक. या शिमग्याला मी वल्हं देणार. उंबरा माझा निपाणीचा. वल्हं देणारी बाई त्या दिवशी घर सोडत नाही, त्यामुळे मी येणार नाही. मल्लाप्पा येतील. मुलगा मला नाही, भावोजी, तुझे आप्पा, सुकाणूवर आहेत, त्यांना जागा सोडता येत नाही. मग कुणाच्या हातात देऊ? ज्यानं माझ्याबरोबर वाट बघितली त्याच्याच.

वल्हं त्यांनी स्वतः केलंय. कडुलिंबाच्या फळीचं. मी सांगत होते, ते तासत होते. त्यांनी वल्हं जन्मात पाहिलेलं नाही. जे झालंय त्यानं फार तर पिठलं ढवळता येईल.

भावोजींना सांग. परवानगी मागत नाही, कळवते आहे. त्यांनी हाकलून दिलं तर मल्लाप्पा परत येतील, त्यांना त्याची सवय आहे.

काकी


मच्छे,
२७ मार्च २०२४

ती. काकी,

काका सुखरूप पोचले असतील. तुम्हाला त्यांनी किती सांगितलं असेल आणि हातवाऱ्यांवरून तुम्हाला किती कळलं असेल कोण जाणे, म्हणून सगळं लिहिते. काका असं मी मल्लाप्पांनाच म्हटलंय. तोंडातून गेलं, जीभ चावली, मग वाटलं, दुसरं म्हणू तरी काय.

तुमचं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं होतं. ऐकून ते उठून बाहेर गेले.  शिमगा येईपर्यंत घरात तो विषय नाही. मी पोरांचा सराव घेत राहिले, जागा मोकळी ठेवून, कारण दुसरं काय करावं कळत नव्हतं.

होळीच्या दिवशी सकाळी काका दारात. अंगात धुतलेला सदरा, खांद्यावर वल्हं. निपाणीपासून संकेश्वरपर्यंत कंडक्टरनं त्यांना दारात उभं केलं होतं, तिथं मागची जागा मिळाली. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं म्हणे, हे काय आणि कुठं नेताय? काकांनी सांगितलं, होडी चालवायला मच्छ्याला. कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं.

आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी काकांकडं बघितलं नाही, वल्ह्याकडं बघितलं.  मग म्हणाले, "ह्ये काय केलंयसा? उलथनं हाय काय?"

काका म्हणाले, "म्या कवा बघितलंय? सोनानं सांगितलं तसं केलं."

"तिला तरी कुठं ठावं, ती किनाऱ्यावर असायची." एवढं म्हणून आप्पा आत गेले आणि तासणी घेऊन आले. दुपारभर ते वल्हं तासत होते आणि काका समोर बसून पकडून होते.  आईनं जेवायला वाढलं तेव्हा आप्पा म्हणाले, "पाव्हण्यास्नी आधी."

सांजेला पोरं उभी राहिली. काकांना मी डाव्या बाजूला नेलं. साईराजनं माझा हात धरला आणि कानात म्हणाला, "आक्का, तितं दर्या हाय की. ह्यांस्नी कसं उभं करतीस?"  मी म्हटलं, दर्यानंच यांना पाठवलंय. खोटं की खरं, देवाला माहीत.

आई गाणं म्हणायला उभी राहिली. तुम्ही गाळलेली ओळ तिला येत होती. ती म्हणाली,

डावीला दुसरा गं, डावीला दुसरा कोण?
घरच्या दिव्याकडं बघणारा त्यो.

मग आप्पा नावं पुकारायला लागले. त्या जागेपाशी आले आणि नेहमीसारखा श्वास घेतला. काकी, मला वाटलं हे पुढं जाणार, पुढच्याचंच नाव घेणार. सगळी थांबली होती. आणि आप्पांनी हाक मारली, "नागेंद्र." मोठ्यानं, लांबच्या माणसाला मारावी तशी. मी ते नाव त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

काका म्हणाले, "हाय."

नाचताना ते सारखे चुकले. उजवीकडं झुकायचं तर डावीकडं, वल्हं मागं तर पुढं. आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती. म्हणाली, "ह्यो बी चुकतोय बघ." आप्पांनी एकदाही टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका पहिल्या गाडीनं गेले. आप्पा त्यांना स्टँडवर सोडायला गेले आणि दुपारपर्यंत आलेच नाहीत. आले तेव्हा डोक्यावरचे सगळे केस काढलेले. शेजारचे मष्णूअण्णा धावत आले, म्हणाले, कोण गेलं हो? आप्पा म्हणाले, "भाऊ गेला." कधी, असं विचारलं. आप्पा म्हणाले, "काल."

आणि ओट्यावर बसून ते रडले, काकी. माणसं समाचाराला यायला लागली. गल्लीतली बाई पिठलंभाकरी घेऊन आली. कुणाला काय सांगायचं आम्हाला कळेना. आई म्हणते, सुतक धरायचं. मी म्हणते, पंचवीस वर्षांनी सुतक कसलं? आप्पा म्हणतात, "मी कवाच धरलंय." तुम्ही सांगा, धरायचं का? तुम्ही धरलंय का?

काल सरावाला काकांची जागा परत रिकामी. आप्पा म्हणाले, आता जवळ जवळ उभं राहा. पोरांनी प्रयत्न केला, पण वल्ही एकमेकांवर आपटायला लागली. त्यांना ती जागा सोडूनच नाचता येतं. बेंगळुरूला काय दाखवू? भरलेली होडी, की रिकामी जागा? मला अजून काही समजत नाही.

रूपाली


निपाणी,
३१ मार्च २०२४

चि. रूपाली,

सुतक धरा. मी धरलंय. मल्लाप्पांनीही धरलंय. मी म्हटलं, तुमचं काय नातं, तुम्हाला कशाला? तर पाटीवर लिहून दाखवतात, "त्या मानसाच्या नावाला मी हाय म्हनलोय." दाढी वाढवून बसलेत, शेजारी बघून जातात. त्यांना गोड खायचं नसतं म्हणून मीही खात नाही. नेमकं कोणी कोणासाठी काय पाळायचं ते आम्हालाही कळलेलं नाही, म्हणून दोघं सगळंच पाळतोय.

बेंगळुरूचं मला विचारू नकोस. भावोजींना विचार, आणि ते गप्प बसले तर पोरांच्या पायांना विचार. माझ्याकडून ती जागा सुटली. आता तुमची ती तुम्ही बघा.

शिमग्याच्या सकाळी उंबऱ्यात त्यांच्या हातात वल्हं दिलं, ते गेले, आणि मी दार लावून दिवसभर बसले. मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. पहिल्यासारखं सगळं आठवलं, ट्रॉलर गेला ती सकाळसुद्धा, आणि मी मोठ्यानं रडले. किती मोठ्यानं ते मला ऐकू आलं नाही, पण समोरची बाई धावत आली. तिला मी सांगितलं, माझा नवरा वारला. ती म्हणाली, अगं, आत्ता तर बसमध्ये चढले की ते. ओठांवरून कळलं मला. तिला काय समजावणार, मी तिला चहा दिला.

भावोजींनी तासलेलं वल्हं बघितलं. आता ते वल्ह्यासारखं दिसतं. मल्लाप्पांनी ते देव्हाऱ्याच्या बाजूला उभं केलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

मंगलला सांग, ओळ बरोबर आहे.

सुतक फिटलं की लगेच पाडवा येतो. पाडव्याला सकाळी आमचं लग्न आहे. मल्लाप्पा म्हणाले, आधी त्यांचं नीट होऊ दे, मग आपलं, घाई कशाला. भावोजींना घेऊन सगळे या. माझ्या बाजूनं उभं राहायला दुसरं कोणी नाही.

तुझी काकी,
सोना